मंगळवारची गाडी

नेदरलँड्समधली वेस्टरबोर्कची छावणी मुळात नाझींनी बांधलेली नव्हती. जर्मनीतून जीव मुठीत धरून आलेल्या ज्यूंसाठी ती १९३९ साली डच सरकारनेच उभारली. आधी ठरलेली जागा राणी विल्हेल्मिनाला आपल्या राजवाड्याच्या फार जवळ वाटली. मग निर्वासितांची रवानगी ड्रेंथे प्रांतातल्या ओसाड माळावर झाली, आणि खर्चही देशातल्या ज्यूंच्याच माथी आला. ‘या, पण डोळ्यांआड राहा’ असा तो आसरा! मला या छावणीच्या इतिहासात सगळ्यांत जास्त हेच सलतं. १ जुलै १९४२ रोजी जर्मनांनी तिचा ताबा घेतला, तेव्हा बराकी तयार होत्या आणि माणसंही.

तिथे सुसज्ज रुग्णालय होतं, शाळा होती, नाटक-गाण्याचे कार्यक्रम होत. कमांडंट गेमेकर त्यांना पहिल्या रांगेत बसे. सोमवारी रात्री बराकीत नावं वाचली जात आणि बहुधा मंगळवारी गाडी सुटे, आउश्वित्झ, सोबिबोरच्या मृत्युछावण्यांकडे. ज्याचं नाव आलं नाही त्याला एक आठवडा मिळे. सुमारे १,०७,००० माणसं अशी गेली. परतली पाच हजार.

गेमेकरच्या हुकमावरून रुडॉल्फ ब्रेसलाउअर या कैद्याने १९४४मध्ये छावणीचं चित्रण केलं. पुढे त्यालाही पाठवलं. तोही परतला नाही. त्या फितीत मालडब्याच्या दाराच्या फटीतून एक मुलगी बाहेर बघते. भादरलेल्या डोक्यावर पांढरं फडकं. काही सेकंदच दिसते. मी ते सेकंद पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, आणि दर वेळी दार लागण्याआधी हात पुढे करावासा वाटतो.

जवळपास पन्नास वर्षं जग तिला ज्यू मुलगी समजत होतं. १९९४मध्ये आद वागेनार या पत्रकाराने तिचं नाव शोधून काढलं: सेटेला स्टाइनबाख, ‘जिप्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिंती समाजातली, नऊ वर्षांची. १९ मे १९४४ची ती गाडी होती. आई आणि भावंडंही सोबत होती.

आज त्या माळावर, आपल्या खोडदसारख्याच, रेडिओ दुर्बिणींच्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. हजेरीच्या मैदानात १,०२,००० दगड रोवले आहेत, न परतलेल्या प्रत्येकासाठी एक. बहुतेकांवर दाविदाचा तारा आहे. दोनशेहून थोड्या अधिक दगडांवर ज्योत आहे, सिंती आणि रोमांसाठी. त्यातला एक सेटेलाचा.