झाकलेला निखारा

आमच्या माहेरची जमीन कर्जत तालुक्यात. दीड एकर भातखाचरं, बांधावर दोन आंबे आणि एक जुना उंबर. 2016 साली बाबा गेले आणि सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं लागली. दोन वर्षांनी, 2018च्या मार्चमध्ये, एक दलाल दादाकडे आला. मुंबईच्या कुणाला तरी फार्महाऊससाठी जागा हवी होती. त्याने सांगितलेला आकडा दादाने मला फोनवर ऐकवला आणि माझ्या हातातली लाटणी तशीच राहिली. इथे आमच्या फ्लॅटचे हप्ते अजून बारा वर्षांचे बाकी. खरं सांगते मैत्रिणींनो, मी त्या रात्री मनातल्या मनात सही करून मोकळीसुद्धा झाले होते.

आणि विकू नये असं तरी त्या जमिनीत होतं काय? भातशेतीचं कौतुक दुरून. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही टोपल्या भरभरून पातेरा गोळा करायचो. शेण, पातेरा, झाडांच्या फांद्या पसरून राब भाजायचा. मग पाऊस पडला की त्यात भात पेरायचं, खाचरात उखळणी, चिखलणी आणि मग लावणी. लावणी म्हणजे बायकांचं काम. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं, दिवसभर कमरेतून वाकून मागे मागे सरकत रोपं खोचायची. आईची कंबर त्यातच गेली. आता तर लावणीला माणूस मिळत नव्हतं. गावातल्या मुली शिकल्या, कामाला लागल्या, आणि त्यांनी त्या चिखलात का उतरावं?

पण दादा म्हणाला, “मला एक पावसाळा दे. दहा गुंठ्यांत मी एक नवीन करून बघतो. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे सही करतो.”

तो नेरळला चंद्रशेखर भडसावळे ह्यांच्या सगुणा बागेत जाऊन आला होता. त्यांनी भाताची एक पद्धत बसवली आहे, सगुणा राईस तंत्र म्हणतात तिला. एकदाच काय ती मशागत करून गादीवाफे घालायचे आणि मग त्या वाफ्यांना पुन्हा नांगर लावायचा नाही. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने वाफ्यावर ठरावीक अंतरावर खुणा करायच्या आणि त्या भोकांत थेट दाणे टोकायचे. कापणी झाली की भाताची मुळं उपटायची नाहीत, ती जमिनीतच कुजू द्यायची.

आई त्या वेळी माझ्याकडेच होती. ती ऐकून गप्पच झाली. नंतर म्हणाली, “नांगराशिवाय भात? लोक म्हणतील, बाप गेला आणि पोरगा आळसावला.” मी हसले. मला वाटलं, चला, एक पावसाळा जाईल, मग सही.

पुढच्या रविवारी दादा आमच्याकडे आला तो रुमालात मातीची दोन ढेकळं बांधून. एक खाचरातलं, दुसरं उंबराखालच्या बांधावरचं, जिथे कधी नांगर फिरला नाही. दोन्ही खडखडीत वाळलेली. त्याने माझ्याकडून दोन काचेचे ग्लास मागून घेतले, पाणी भरलं आणि ढेकळं अलगद सोडली. खाचरातलं ढेकूळ बघता बघता विरघळलं. पाणी चहासारखं गढूळ झालं आणि तळाशी नुसता गाळ. बांधावरचं ढेकूळ मात्र तसंच बसून राहिलं. त्यातून थोडे बुडबुडे आले एवढंच. ओट्यापाशी आम्ही तिघं उभे होतो. माझी पोळी तव्यावर करपली.

माती तीच, आंबाही तोच, पाऊसही तोच, मग फरक कशाने? दादा सांगू लागला. मुळं, पाला, शेण कुजून जमिनीत जो काळसर अंश तयार होतो, तो सेंद्रिय पदार्थ. मातीच्या तपासणीत त्याचं मोजमाप सेंद्रिय कर्ब म्हणून येतं. मातीच्या कणांना धरून ठेवणारा डिंक तो हाच. तो असला की माती भुसभुशीत राहते, पाणी पिते आणि धरून ठेवते, गांडुळांना आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना खायला मिळतं. आपण नांगरतो तेव्हा ढेकळांच्या पोटात दडलेला हा अंश उघडा पडतो, त्याला हवा लागते, आणि ते सूक्ष्म जीव तो भराभर खाऊन संपवतात. म्हणून नांगरलेल्या जमिनीत पीक आधी जोमाने येतं. पण दरवर्षी तेच केलं आणि परत काही घातलं नाही, तर साठा आटत जातो.

मला हे सगळं पुस्तकी वाटत होतं. आई मात्र एकदम म्हणाली, “म्हणजे निखाऱ्यासारखंच की! रात्री राखेखाली झाकून ठेवला तर सकाळपर्यंत धुमसत राहतो. चाळवला की भडकतो आणि विझून जातो.”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. जमिनीची धूप हा धडा कितीदा शिकवला असेन. बोटाच्या पेराएवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. अमेरिकेच्या मैदानात गवताळ जमिनी नांगरून काढल्या, पुढे 1930 नंतरच्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने उडून गेली, 14 एप्रिल 1935ला तर धुळीच्या लोटांनी भर दिवसा अंधार झाला, हेही वर्गात रंगवून सांगते. पण आपल्या खाचरातलं पावसाळी पाणी दरवर्षी चहाच्या रंगाचं का वाहतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात दहा गुंठ्यांत टोकणी झाली. सगळं गोड गोड झालं असं मुळीच नाही. चिखलणीने तण दबतं, इथे ते मोकाट वाढलं. ह्या पद्धतीत तणनाशक वापरतात. दादानेही मारलं, पण पाऊस लागून राहिल्याने वेळ चुकली. मग आई, वहिनी आणि रजेवर गेलेली मी, तिघींनी चार दिवस निंदणी केली. येणारे-जाणारे बांधावर थांबून विचारायचे, “काय, ह्या वर्षी गवत लावलंय का?” वहिनी रात्री रडली. पीक आलं ते नेहमीच्या अंदाजानेच, काकणभर कमीच. पण हिशेब केला तेव्हा नांगरणी, चिखलणी आणि लावणीचा खर्च वाचलेला होता. कापणी झाल्यावर मुळं तशीच ठेवून दादाने त्याच वाफ्यांवर वाल टोकले. जमिनीतल्या ओलीवर ते आले. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून जमिनीला देतात. त्या वर्षी माहेरून आलेल्या वालाचं बिरडं केलं तेव्हा ह्यांनी दोनदा मागून घेतलं.

दलालाचा फोन आला. मी म्हटलं, “अजून एक पावसाळा थांबा.” कुणी विचारलं असतं तर का म्हटलं ते सांगता आलं नसतं.

2019ला सगळ्या दीड एकरावर वाफे घातले. 2018मध्ये माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब 0.56 टक्के होता. अर्ध्या टक्क्याच्या खाली असला तर कमी समजतात, म्हणजे आम्ही जेमतेम काठावर. 2022मध्ये त्याच कोपऱ्यातली माती पुन्हा दिली, तर 0.64. चार वर्षांत इतकीशी वाढ! मी हिरमुसले. आई म्हणाली, “अगं, पोर वाळलं तर एका महिन्यात, पण बाळसं धरायला वर्ष लागतं.” मी खाचरात जाऊन हात घातला. कुजलेल्या मुळांच्या जागी बारीक नळ्या राहिल्या होत्या, त्यांतून पाणी खाली उतरत होतं. आणि गांडुळं! लहानपणी बांधावरच दिसायची, ती आता वाफ्यात होती. बांधावरून वाहणारं पाणीही पूर्वीइतकं गढूळ नव्हतं.

तुमच्याकडे शेती नसेल, पण गॅलरीत चार कुंड्या तर असतीलच? मीही पूर्वी दर आठवड्याला खुरपं घेऊन कुंडीतली माती उकरत बसायची, वरची वाळलेली पानं कचऱ्यात टाकायची. आता पानं तिथेच पसरते, भाजीची सालं बारीक चिरून त्याखाली सारते आणि मातीला फारसं डिवचत नाही. पाणी कमी लागतं. दोन ग्लासांचा प्रयोग तर मुलांना घेऊन जरूर करून बघा. वर्गात मी तो करते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येतात.

हप्ते अजून चालू आहेत. महिनाअखेरीला तो आकडा आठवतो, नाही असं नाही. पण सही केलेली नाही.

बाबांचा लाकडी नांगर पडवीत टेकवून ठेवलेला असतो. दसऱ्याला आई त्याला हळदकुंकू लावते, फूल वाहते. मी एकदा विचारलं, “आता तर तो वापरत नाही, मग?”

आई म्हणाली, “म्हणून काय झालं? इतकी वर्षं राबलाय. आता भुई पण विसावा घेतेय, त्याने पण घ्यावा.”