आप्पांनी घरात गोंदू का दिलं नाही

सातारा

चि. सई,


तुझा मेसेज आला तेव्हा मी लगेच उत्तर टाइप करायला बसले होते, पण चार ओळींत ते मावेना, म्हणून सरळ कागद घेतला. शेजारची पोरगी पानांचे फोटो काढून तुला पाठवील. तुझ्या बापाच्या हाती हे पत्र पडणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

आधी तुझ्या हातावर गोंदलेल्या चिनी अक्षराचं बघू. फोटो मोठा करकरून पाहिला. मला चिनी येत नाही, पण जन्मभर शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. 'श'ची गाठ शेवटाकडून मारणारं पोर जसं लगेच ओळखू येतं, तसं तुझ्या गोंदणाऱ्याला मी ओळखलं. तुझी खोलीतली चिनी मैत्रीण म्हणते ते खरं आहे. अक्षर चुकलेलं नाही, पण ते कुणी लिहिलेलंच नाही. चिनी मुलांना चौकोन आखलेल्या वहीत शिकवतात. दोन रेघांचं अक्षर असो की वीस रेघांचं, ते त्याच मापाच्या चौकोनात बसवायचं. रेघांचा क्रमही ठरलेला, साधारण वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. कुंचला कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, आकडा कुठे मारायचा, याच्या सरावासाठी त्यांच्याकडे 'युंग' नावाचं एक अक्षरच आहे. मुख्य आठही फटके त्यात येतात. तुझ्या माणसाने छाप उतरवला आणि सगळ्या रेघा एकाच जाडीने गिरवल्या. म्हणून खालची रेघ फरफटली आहे आणि उजवा भाग डाव्यापासून सुटून पडल्यासारखा दिसतो.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे सगळं तू मला इंग्रजी लिपीत मराठी लिहून विचारलंस. 'आप्पाआजोबा' हा शब्दसुद्धा! दिवाळीच्या सुट्टीत जिला मी पाटीवर ग म भ न गिरवायला लावलं, तिच्या हातावर चीनचं अक्षर आणि फोनवर इंग्रजांचं. माझ्या ग म भ न ने काय घोडं मारलं होतं? असो. तिथे मेलबर्नमध्ये मराठी अक्षर काढायला सांगितलं असतंस, तर त्याची शिरोरेघही त्या बाबाने अशीच वाकडी मारली असती, हे मलाही कळतं.

तू विचारलंस की पणजीच्या अंगावर एवढं गोंदण होतं, मग आप्पांनी घरात कुणालाच का गोंदू दिलं नाही. ही गोष्ट तुला कुणी नीट सांगितली नसणार, कारण आप्पांनीच ती कधी सलग सांगितली नाही.

१९५३च्या जुलैत कोरियातलं युद्ध थांबलं, पण कैद्यांचा प्रश्न उरला. अमेरिकेच्या बाजूला असलेल्या बावीस हजारांवर कैद्यांना मायदेशी जायचं नव्हतं, निदान तसं सांगितलं जात होतं. त्यांतले चौदा हजारांवर चिनी. त्यांच्या मनात खरं काय आहे हे बघायला पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा द्यायला भारताची फौज गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात, कोल्हापूरकडचे. आप्पा त्या फौजेत साधे शिपाई होते, मिसरूड फुटून थोडीच वर्षं झालेले. 'आमचे थोरातसाहेब' म्हणताना म्हातारपणीही त्यांची छाती फुगायची. कैद्यांनी एका मेजरला आत डांबलं, तेव्हा थोरातसाहेब हत्याराशिवाय कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. ही गोष्ट आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकली आहे की तुझा बाप, बाळू, ताटावरून उठून जायचा.

आणखी एक गंमत. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी हट्ट धरला होता की भारतीय जवानाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये. म्हणून इंचन बंदरातून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी यांना थेट युद्धबंदीच्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. कराडला जाताना एस.टी.त उलटी व्हायची त्या माणसाला, आणि हा हेलिकॉप्टरमधून गेला! छावणीचं नाव हिंदनगर. थंडी अशी की बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागे.

तिथे त्यांनी ती अक्षरं पाहिली. चिनी कैद्यांच्या हातांवर, छातीवर, काहींच्या पाठीवरसुद्धा. दुभाष्याने अर्थ सांगितला: कम्युनिस्टांना विरोध, रशियाचा प्रतिकार, असलं काहीबाही. कोजे आणि चेजू या बेटांवरच्या आधीच्या छावण्यांत, कैद्यांमधल्याच दांडग्या टोळ्यांनी ती गोंदली होती. काहींनी मनापासून गोंदवून घेतली, पुष्कळांना आडवं पाडून गोंदलं. एकदा अंगावर हे आलं की माणूस माओच्या चीनमध्ये परत जायला धजणार नाही, असा साधा हिशेब. तरीही परत जायचं म्हणणाऱ्यांच्या अंगावरून ते कातडंच कापून काढल्याच्या साक्षी आहेत. हे मी नंतर वाचलं. आप्पा एवढं बोलले नव्हते.

ते बोलायचे एका पोराबद्दल. सगळ्यांच्या बाह्या वर, याची डावी बाही मनगटाशी सुतळीने बांधलेली. अंघोळीच्या वेळीही तो सुतळी सोडायचा नाही. तापाने फणफणला तेव्हा आप्पांना त्याच्याबरोबर दवाखान्याच्या तंबूत पाठवलं. तिथे ऑर्डर्लीने सुतळी कापली. हातावर चार अक्षरं होती. पहिली दोन मोठी, तिसरं चेपलेलं आणि चौथं अर्धवट. गोंदणारा कंटाळला होता की याने हात हिसडला होता, कोण जाणे. त्यावर त्याने काहीतरी घासलं होतं, वाळू असेल किंवा वीट, त्यामुळे कातडी चिघळली होती आणि शाई मात्र जिथल्या तिथे होती. पोरगा एकोणीस-वीसचा. आप्पांच्याच वयाचा म्हण ना.

आता आप्पांचं अक्षर तू पाहिलं आहेस. चौथी शिकलेला माणूस, पण बोरूने गिरवून गिरवून हाताला वळण लागलेलं. त्यांनी त्या चार अक्षरांकडे बघितलं आणि कुठलीही चिनी रेघ ओळखत नसताना त्यांना कळलं की हे अक्षर घाण आहे. पुढे दुभाष्याकडून समजलं, पोराला लिहिता-वाचता येत नव्हतं. आप्पा म्हणायचे, "लिहिणाऱ्याला लिहायला येईना, ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचायला येईना." बस्स, एवढंच. मग तंबाखू मळत बसायचे.

त्या पोराचं पुढे काय झालं ते आप्पांना माहीत नव्हतं. कैद्यांची समजावणी करायला तंबू उभारले होते. त्यांच्या देशाची माणसं बोलणार आणि मग दोन दारं, एक मायदेशाकडे, दुसरं परत छावणीकडे. बहुतेकांची तिथवर पाळीच आली नाही आणि चिन्यांपैकी जेमतेम काही शे परत गेले. बाकीचे जवळजवळ सगळे जानेवारी १९५४ मध्ये तैवानला रवाना झाले. आप्पा कधी म्हणायचे तो पोरगा दिवाळीच्या सुमारास रात्री तार ओलांडून आपल्या पहाऱ्यावर आला, कधी म्हणायचे तो वेगळा. मी खोदून विचारलं की चिडायचे.

गोंदणाला आप्पांचा एवढा विरोध आहे हे मला कळलं ते गावच्या जत्रेमुळे. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधीचं वर्ष की नंतरचं, आता आठवत नाही. गोंदणारीण देवळामागे बसली होती. मी मैत्रिणींबरोबर जाऊन हनुवटी पुढे केली, तीन ठिपक्यांसाठी. थोरल्या आईच्या, म्हणजे तुझ्या पणजीच्या, हनुवटीवर होते तसे. पहिला ठिपका पडायच्या आत आप्पांनी मला दंडाला धरून उठवलं. गोंदणारणीला पैसे दिले, पूर्ण दिले, आणि म्हणाले, "माझ्या घरातल्या कुणाच्या कातडीवर कुणी काही लिहायचं नाही." थोरली आई, जिच्या दोन्ही हातांवर तुळशीवृंदावन होतं, ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मला तेव्हा वाटलं, मिलिटरीत जाऊन बापाचं डोकं फिरलं.

पुढे निवृत्तीनंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचलं. चीनमध्ये फार जुन्या काळी गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर गोंदत. हान घराण्यातल्या वन सम्राटाने ख्रिस्तपूर्व १६७ मध्ये ती शिक्षा बंद केली, तरी नंतरच्या राजवटींत ती परत आली. सोंग काळात शिपाई पळून जाऊ नयेत म्हणून त्यांनाही गोंदत. दुसरीकडे, त्याच काळातल्या युए फेई या सेनापतीच्या पाठीवर देशनिष्ठेची चार अक्षरं होती, आणि ती त्याच्या आईने गोंदली असं लोक अजून सांगतात. म्हणजे ते काही आपल्यासारखं नटायचं गोंदण नव्हे.

त्या कैद्यांचं कुठेच धड झालं नाही. जे चीनला परतले त्यांच्याकडे वर्षानुवर्षं संशयाने पाहिलं गेलं. जे तैवानला गेले त्यांना १९८७ नंतर गावी जाऊन नातेवाइकांना भेटायची परवानगी मिळाली, तेव्हा कित्येकांनी निघण्याआधी डॉक्टरकडे जाऊन ती अक्षरं काढून घेतली. साठीचे म्हातारे! आईची समाधी बघायला जाताना हातावर ते दिसू नये म्हणून.

तेव्हा सई, तू रडलीस म्हणालीस, ते मला समजतं, पण फार रडू नकोस. तुझ्या अक्षराला कुणी हसेल, इतकंच. त्यापायी तुला कुणी घरी यायला अडवणार नाही. (येत नाहीस ते तुझ्या मनाने. मागच्या गणपतीतही 'तिकीट महाग आहे' म्हणालीस आणि महिन्याभरात बालीला गेलीस. मी काही विसरलेली नाही.)

काढायचंच असेल तर घाई करू नकोस. काळी शाई लेसरने त्यातल्या त्यात बरी जाते, पण एका बैठकीत जात नाही, मध्ये काही आठवडे थांबावं लागतं. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहू शकतात, म्हणून पार्लरमध्ये न जाता त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांनी गव्हाळ-सावळ्या रंगावर हे काम केलंय का ते आधी विचार. इंटरनेटवरची मलमं लावू नकोस. आणि ठेवायचंच ठरवलंस तर त्या चिनी मैत्रिणीकडून ते अक्षर कागदावर नीट लिहायला तरी शीक. तिच्याकडून शीक आणि तिला आपलं एखादं शिकव. म्हणजे माझ्या जिवाला तेवढीच शांतता.

आप्पांच्या ट्रंकेत विदेश सेवा पदक आहे, त्यावर कोरियाची पट्टी आहे. ते तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय, पण पोस्टाने पाठवणार नाही, येऊन घेऊन जा.

बाळूला मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर तू थंडीचं निमित्त करून लांब बाह्या घालतेस, हे त्याच्या लक्षात आलंय. परवाच मला विचारत होता, "मेलबर्नला आत्ता उन्हाळा ना गं?" तेव्हा तूच काय ते लवकर सांगून टाक.

तुझी,
आत्या