हातचा एक

४ जून
पासोड्या विठोबापाशी जाऊन बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचं पाचशे नगांचं पाकीट आणलं. दुकानदार म्हणाला, "काका, क्लास काढताय का?" इंटेलच्या ४००४ प्रोसेसरमध्ये (१९७१) सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. माझा प्रोसेसर या एका पाकिटात बसवायचा. मेमरीची चिप मात्र तयार घेणार, ती मोजणार नाही. पळवाट आहे, म्हणून लिहून ठेवतो.

११ जून
एका ट्रान्झिस्टरचं एक नॉर गेट. दोन बिट आणि हातचा यांच्या बेरजेला नऊ गेट, म्हणजे आठ बिटांना बहात्तर. त्यापेक्षा बेरजेचं सर्किट एकच ठेवून दोन्ही संख्या उजवीकडून एकेक बिट त्यातून सरकवाव्यात. पाटीवर आपण तेच करायचो. हातचा धरायला एक फ्लिपफ्लॉप, सहा ट्रान्झिस्टरचा. बहात्तरच्या जागी पंधरा. रजिस्टरं दोन्ही पद्धतींत लागणारच. क्लॉकच्या एका ठोक्याचं काम आठ ठोक्यांत होईल. १९६६ च्या पीडीपी-८/एस संगणकाने हाच मार्ग धरला होता: स्वस्त आणि कमालीचा संथ.

१९ जून
पाच अधिक तीन, नऊ! उजवीकडचा एलईडी उगाच पेटलेला. पुन्हा बटण दाबलं तर आठ. सैल जोडणी असणार, म्हणून दोन तास तारा हलवल्या, मल्टिमीटर लावला. सगळं ठीक. रात्री जेवताना आठवलं, त्याआधी २०० आणि १०० मिळवले होते. आठ बिटांत २५५ च्या पुढे जागा नाही. उरलेला हातचा फ्लिपफ्लॉपमध्ये तसाच बसून होता, तो पुढच्या बेरजेत शिरला.

२० जून
हातचा आपोआप पुसायचा तर गेट वाढवावे लागतील. शिवाय तो पुसला, तर सोळा बिटांची बेरीज दोन हप्त्यांत कशी करणार? वरच्या हप्त्याला खालचा हातचा हवाच. १९७५ च्या ६५०२ प्रोसेसरमध्ये हातचा न धरता बेरीज करणारी सूचनाच नाही. आधी सीएलसी लिहून तो पुसायचा. कॉलेजात याला मी कटकट म्हणायचो.
मला सीएलसीपुरतेही गेट नकोत. शून्यात शून्य मिळवायचं आणि उत्तर टाकून द्यायचं. हातचा शून्य होतो. करून पाहिलं. ट्रान्झिस्टर एकही वाढला नाही, आठ ठोके वाढले.