तुरीनच्या काड्या

उत्तर इटलींत पो नदीच्या तीरीं तुरीन हें नगर वसलें आहे. आकाश निवळ असलें कीं रस्त्याच्या टोकाशीं आल्प्सचीं हिमशिखरें दिसतात, आणि पाऊस आला तरी कमानदार ओसऱ्यांखालून कोरड्या अंगानें मैलोगणती हिंडतां येतें. परंतु आमच्या घरीं या शहराची आठवण निघते ती पावाच्या एका काडीवरून. पेन्सिलीहून बारीक, हातभर लांब आणि खुसखुशीत अशा या काडीस तेथें ग्रिसीनो म्हणतात.

आमच्याबरोबर मातोश्री होत्या. परदेशांत त्यांनीं काय खावें ही आमची रोजची विवंचना. भोजनगृहाच्या मेजावर ग्रिसीनोंची जुडी ठेवलेली असे. पीठ, मीठ, पाणी, याखेरीज यांत काय असणार, अशा समजुतीनें आम्हीं ती त्यांच्यापुढें सरकविली. तीन दिवस त्यांनीं त्या काड्या चहांत बुडवून मोठ्या चवीनें खाल्ल्या. चौथ्या दिवशीं प्रवासासाठीं एक पुडा विकत घेतला, तेव्हां घटकांच्या यादींत 'स्त्रुत्तो' हा शब्द आढळला. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी! भोजनगृहांत चौकशी केली, तेथेंही तीच. दोष त्यांचा नव्हे, आधीं विचारलें आम्हींच नव्हतें.

आतां मातोश्रींना सांगावें कीं न सांगावें? अजाणतां घडलें तें घडलें, असें सौ. चें मत पडलें. आम्हांसही गप्प राहण्याचा मोह झाला. परंतु आमच्यावर विसंबून खाणाऱ्या माणसापासून तें लपविणें जिवावर आलें. रात्रीं सांगितलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. दुसरा दिवस त्यांनीं उपासाचा धरला, आणि संध्याकाळीं विचारलें, "अरे, तेलांत होत नाहींत का त्या?"

होतात. तुरीनजवळच्या क्येरी गावीं आम्हीं त्या पाहिल्या. तेथील 'रुबाता' हा प्रकार तळहाताखालीं वळून करतात. त्यास सराव हवा. दुसरा 'स्तिरातो', म्हणजे ओढलेला. हा नवशिक्यास साधतो.

या काड्यांची जन्मकथाही आजाऱ्याच्या पथ्याची आहे. १६७९ च्या सुमारास बालवयाचा ड्यूक व्हित्तोरियो आमेदेओ दुसरा यास पाव पचेना, म्हणून वैद्य तेओबाल्दो पेक्क्यो यांनीं आंतोनियो ब्रुनेरो या पाववाल्याकडून त्या करविल्या, असें सांगतात. १६४३ सालींच एका फ्लॉरेन्सच्या प्रवाशानें चिवासो गावीं असा लांब बारीक पाव पाहिल्याची नोंद असल्यानें आम्हांस ती कथा पुरती पटत नाहीं. मात्र वैद्याच्या तर्कांत तथ्य दिसतें: काडींत कच्चा, ओलसर गाभा राहावयास जागाच नसते.

पुण्यास परतल्यावर घरीं स्तिरातो केल्या. २५० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम कोरडें यीस्ट, दोन चमचे ऑलिव्हचें तेल व सुमारें १४० मिलिलिटर कोमट पाणी घेऊन मऊ पीठ मळावें. त्याची लांबट लादी थापून तेलाचा हात फिरवावा, वर रवा भुरभुरावा आणि झांकून तासभर ठेवावी. नंतर पुन्हां मळूं नये, पीठ आखडतें. बोटभर रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापून एकेकीचीं दोन्हीं टोकें धरावीं व हलकेंच ओढावें. स्वतःच्या वजनानेंच ती लांबत जाते. ओव्हनमध्यें २०० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटें भाजावी. सारा उद्योग दोन तासांच्या आंत आटोपतो, आणि त्यांतला निम्मा वेळ नुसता वाट पाहण्याचा. पहिल्या खेपेस आम्हीं काड्या गरम असतांनाच डब्यांत भरल्या, त्या सकाळीं चामट झाल्या. दुसऱ्या खेपेस पूर्ण निवूं दिल्या.

मातोश्रींनीं एक काडी हातांत घेतली, मोडून पाहिली; पण तोंडांत घालण्यापूर्वीं तेलाची बाटली मागवून, चष्मा लावून, तिच्यावरील चिठ्ठी अथपासून इतिपर्यंत वाचली.