बिबट्याचा अर्ज

मुलुंड पश्चिमेला डोंगराकडे जाणारा रस्ता जेथे संपतो तेथून आमची चाळ सुरू होते. चाळ संपली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची भिंत आणि भिंतीपलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटर रान. 'निसर्गाच्या सान्निध्यात राहा' अशी पाटी खालच्या टॉवरवर लावलेली आहे. आम्हांला ते सान्निध्य फुकट आहे. मुंबईला पाणी पुरवणारे तुळशी आणि विहार हे तलाव याच रानाच्या कुशीत आहेत. आमच्या नळाला मात्र दिवसातून एकच तास पाणी येते!

या रानातले जे काही मला ठाऊक आहे ते आजीमुळे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, म्हणून ती रान कानांनी पाहते. दुपारी तांबट ठोके देऊ लागला की ती सांगते, उन्हाळा आला. कावळे एकाच ठिकाणी कालवा करू लागले की तेथे साप किंवा घोरपड आहे असे समजायचे. वानर खाकरू लागले आणि चाळीतली कुत्री अचानक गप्प झाली, की ती कडी लावून घ्यायला सांगते. तो येऊन गेला, हे आम्हांला असेच कळते. 'बिबट्या' हा शब्द आजी कधी उच्चारीत नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात उतारावर कारवी फुलली तेव्हा मी चौथीत होते. ती सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी फुलते आणि मरून जाते, हे प्रथम आजीनेच सांगितले. आमची पहिली खोली आजोबांनी उभारली ती कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीने लिंपलेली. २०२४ साली कारवी पुन्हा फुलली. आजीला तो जांभळा रंग नीट दिसला नाही. तिने एक फांदी हातात घेऊन बोटे फिरवली आणि पोळ्यांत मध भरेल म्हणाली.

गेल्या दिवाळीनंतर शेवटच्या खोलीच्या पायरीवरून एक कुत्रा गेला. चाळीत बैठक बसली. बिबट्याला पिंजरा लावून न्यावा, असा अर्ज वनखात्याकडे करायचे ठरले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेले नाही, चाळीतही फार नाहीत. त्यामुळे रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळे अर्ज माझ्याकडे येतात. हाही आला.

लोकांची भीती खोटी नव्हती. आमचे संडास भिंतीला लागून आहेत आणि बायकांना कामावर जाण्यापूर्वी पहाटे साडेचारला अंधारातच तेथे जावे लागते. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाभोवती बिबट्याच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे दगावली. त्याची आठवण चाळीत अजून आहे.

आजी मात्र अंगठा देईना. तिचे माहेर जुन्नर तालुक्यातले. "एक नेला की दुसरा येतो," ती म्हणाली, "आणि जो येतो त्याला आपली वाट ठाऊक नसते." मला हे म्हातारीचे बोलणे वाटले असते, पण कॉलेजच्या ग्रंथालयात शोधताना विद्या अत्रेय यांच्या जुन्नरमधील संशोधनाची माहिती हाती आली. २००१ नंतर तेथील बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. उद्यान आणि परिसरात २०१५ साली कॅमेऱ्यांच्या साहाय्याने गणना झाली तेव्हा ३५ बिबटे आढळले होते. त्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. कुत्री येतात कचऱ्यावर, आणि कचरा आमच्याच भिंतीपाशी साठतो. म्हणजे ताट वाढलेले आम्हीच!

मी अर्ज लिहिला. त्यात पिंजरा नव्हता. कचरा रोज उचलावा, संडासाच्या वाटेवर दिवे लावावेत, भिंतीलगतची झुडपे तोडावीत, एवढेच होते. वाचून दाखवताच शेजारच्या काकू उसळल्या. "कॉलेजात जाऊन वाघाची वकील झालीस काय? पहाटे टमरेल घेऊन जाते ती मी." मला उत्तर देता येईना. आईही त्यांच्याच वेळेला जाते. शेवटी त्यात एक ओळ वाढवली : दिवे लागेपर्यंत पहाटे वनरक्षकांची गस्त असावी. तेव्हा त्रेचाळीस सह्या झाल्या. आजीने अंगठा दिला, काकूंनी दिला नाही.

दोन महिन्यांनी दिवे लागले. दोनांपैकी एक चालू आहे. गस्त आठवडाभर आली. कचऱ्याची गाडी अजूनही तीन-चार दिवसांनीच येते, म्हणून दुसरा अर्ज केला आहे. बायका आता पहाटे चौघी-चौघी मिळून, मोठ्याने बोलत जातात. आईने मोबाइलवर अभंग लावायची पद्धत पाडली आहे. काकूही त्यांच्यात असतात. नळावर भेटल्या की त्या मला विचारतात, "काय ग, तुझा वाघ काय म्हणतो?" त्यात थट्टा किती आणि राग किती, हे मला अजून उमगलेले नाही.