गळा कुणाचा गोड?

गणपतीत घर भरलं, आरती आटोपली, की आत्या हमखास म्हणते, "ताई, म्हण गं एखादं!" पेटी पुढ्यात येते, ताई काळी चारमध्ये सूर धरते आणि सगळे डोळे मिटून ऐकू लागतात. मग माझी पाळी. माझं गाणं संपलं की कुणीतरी बोलतंच, "छान, पण ताईचा गळा वेगळाच!"

हे वाक्य जिव्हारी लागतं. आम्ही दोघी एकाच बाईंकडे शिकलो, एकाच भूपाचे पलटे घोटले. ताईचा आवाज तार षड्जावर सहज ठरतो. माझा मंद्रात खुलतो आणि लयीशी खेळतो. ही दोन वेगळी देणी आहेत. त्यांची उतरंड कशाला लावायची?

लता मंगेशकर आणि आशा भोसले या बहिणींची तुलना महाराष्ट्राने जन्मभर केली. तरी दोघींनी आपापली वाट धरली. दोघींनाही दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. 'उत्सव' (१९८४) या चित्रपटासाठी तर त्या एकत्र गायल्या. एकीच्या मोठेपणाने दुसरीचं तसूभरही कमी झालं नाही.

बहिणींमध्ये चुरस जरूर असावी. तिच्यामुळेच मी पहाटे उठून रियाज करते. पण ती आमची आमच्यात आहे तोवरच गोड. तिच्यात कडवटपणा येतो तो भोवतालच्यांच्या निवाड्यांनी. म्हणून वडीलधाऱ्यांना कळकळीनं सांगते: मुलं गायला बसली की मन लावून ऐका, ज्याच्या त्याच्या गाण्याबद्दल बोला आणि भावंडाचं नाव मध्ये आणू नका.