लेखणी वर्षभर खाली ठेवते आहे, त्याची कारणे

येत्या आषाढ पौर्णिमेपासून एक वर्ष मी लेख लिहिणार नाही. हे जवळच्या कार्यकर्त्यांना सांगितल्यावर तीन प्रकारची उत्तरे आली. पहिले, "ताई, समोरचे लोक एक दिवस थांबत नाहीत आणि तुम्ही वर्षभर कशा थांबता?" दुसरे, "बाबासाहेब कधी थांबले होते का?" तिसरे माझ्या तोंडावर कोणी बोलले नाही, पण कानावर आले. "लग्न झालं, लेकरू झालं, संपलं आता. बायकांचं हे असंच."

तिन्हींना उत्तर देणे गरजेचे आहे, कारण प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आपल्यातली किती तरी मुले-मुली तीन-चार वर्षे धडाडीने लिहितात आणि मग दिसेनाशी होतात. त्यांच्याविषयी आपण 'थंड पडला', 'नोकरीला लागला, समाज विसरला' असे शेरे मारून मोकळे होतो. ती का थांबली, हे त्यांच्या घरी जाऊन कोणी विचारत नाही. म्हणून माझी कारणे मीच लिहून ठेवते.

पहिले कारण : वेळ कुठे जातो

मी लोणी काळभोरला राहते. पुणे-सोलापूर रस्ता, त्यावर तेल कंपन्यांच्या डेपोकडे जाणाऱ्या टँकरच्या रांगा, एका बाजूला उसाचे फड, दुसऱ्या बाजूला नवी कॉलेजे आणि इमारती. या सगळ्याच्या मधल्या भाड्याच्या खोल्यांत सोलापूर, धाराशिव, लातूरकडून आलेली आपली माणसे राहतात. कोणी हमाली करते, कोणी बांधकामावर जाते, बायका सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करतात. माझे काम या वस्त्यांत आहे.

जून-जुलैमध्ये प्रवेश सुरू झाले की दारात कागदांच्या पिशव्या घेऊन माणसे उभी असतात. शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतो, पुढे पडताळणी लागते, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वडिलांकडचा पुरावा मागितला जातो. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला येणार कुठून? मग मूळ गावच्या तालुक्याला जायचे, कोतवाल बुकाचा उतारा शोधायचा, तो सापडला तर मोडीतला मजकूर वाचणारा माणूस शोधायचा. जुन्या कागदावर 'महार' आणि नातवाच्या दाखल्यावर 'बौद्ध', म्हणून मधल्या पिढीचा धागा जोडून दाखवायचा. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळण्याची दुरुस्ती १९९० साली झाली. कायदा झाला, पण तो खोलीत राहणाऱ्या पोरापर्यंत पोचवायला कोणीतरी रांगेत उभे राहावे लागते. रोजावर जाणाऱ्या बापासाठी एक दाखला म्हणजे दोन-तीन खाडे. हे खाडे वाचवणे हे माझे काम आहे आणि ते मी थांबवणार नाही. थांबते आहे ते रात्रीचे लिहिणे, लेक झोपल्यावर साडेदहाला सुरू होऊन एक वाजेपर्यंत चालणारे.

दुसरे कारण : विषय कोण ठरवते

गेल्या काही वर्षांतले माझे लेख मांडून बसले. बहुतेक लेख कोणाला तरी उत्तर होते. कोणी आरक्षणावर बरळले, लिहा. कुठे पुतळ्याची विटंबना झाली, लिहा. कोणी संविधानाविषयी खोटे पसरवले, लिहा. ते लिहिणे आवश्यकच होते आणि त्याबद्दल मला खंत नाही. पण समाजशास्त्र शिकलेली बाई म्हणून मला दिसते की उत्तर देणाऱ्याचा विषय नेहमी प्रश्न विचारणारा ठरवतो. आरक्षणाच्या बाजूने मी अनेकदा लिहिले आहे, पण लोणीच्या खोल्यांत राहणाऱ्या आपल्या बायकांना घरकामाचा दर कोण ठरवते, यावर एकदाही लिहायला सवड मिळाली नाही. त्यासाठी घरोघर बसावे लागते, नोंदी ठेवाव्या लागतात, जुने वाचावे लागते. रात्रीच्या अडीच तासांत ते बसत नाही.

तिसरे कारण : पोट आणि लेखणी

एका ठिकाणी काम करत असताना मला सांगण्यात आले होते, "लिहा, पण जरा जपून. वरचे लोक वाचतात." धमकी नव्हती, प्रेमाने दिलेला सल्ला होता. पण प्रकल्प संपला की पगार संपतो, अशा नोकरीत प्रेमाचा सल्लाही पुरेसा असतो. वाक्य लिहायच्या आधीच हात थबकतो. सामाजिक संस्थांत काम करणाऱ्या आपल्या अनेकांना हा अनुभव असेल. म्हणून या वर्षात मी सेट परीक्षेचा अभ्यास करणार आहे. कॉलेजात शिकवण्याची पात्रता मिळवायची, कोणाच्या प्रकल्पावर अवलंबून राहायचे नाही, आणि मग लिहायचे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येते, कारण त्याचे उत्तर याच कारणात आहे. बाबासाहेब थांबले होते का? हो. त्यांनी का थांबलो तेही लिहून ठेवले आहे.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकरांचे नाव होते. पत्राची पैसे देऊन द्यायची जाहिरातही 'केसरी'ने छापली नाही, असा तो काळ. पत्राची एवढी गरज असताना त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. मागे पत्राची ओढाताण झाली आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. त्यानंतर बाबासाहेबांचे नवे पत्र, 'बहिष्कृत भारत', निघाले ३ एप्रिल १९२७ रोजी. मध्ये जवळजवळ चार वर्षे त्यांचे स्वतःचे पत्र नव्हते.

ही चार वर्षे रिकामी होती का? बॅरिस्टरी झाली होती, १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली, 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध प्रसिद्ध झाला, मुंबईत वकिली सुरू झाली. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावच्या विजयस्तंभापाशी आले, आणि २० मार्चला महाडचे चवदार तळे. महाडनंतर दोन आठवड्यांत पत्र निघाले. त्याच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी मधल्या खंडाचे कारण वाचकांना सांगितले. स्वतंत्र धंदा हाताशी असल्याशिवाय हे कार्य करणे सोयीचे नाही, असे ठरवून आपण बॅरिस्टरीचा राहिलेला अभ्यास पुरा करायला गेलो, अशा अर्थाचे ते निवेदन आहे. शासनाने छापलेल्या एकत्रित खंडात ते आजही वाचता येते. मी स्वतःची तुलना बाबासाहेबांशी करत नाही, तसे करण्याइतकी मी अडाणी नाही. पण 'बाबासाहेब थांबले नाहीत' असे सांगून दुसऱ्याला गप्प करणाऱ्यांनी तो अंक आधी वाचावा.

पहिल्या आक्षेपाचे उत्तरही त्याच पत्राच्या इतिहासात आहे. 'बहिष्कृत भारत'चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना बहुतांशी एकट्याने भरावे लागत. वकिली, शिकवणे, सत्याग्रह, कायदेमंडळ आणि वर हे रकाने. वर्गणीदार पुरेसे नव्हते, कर्ज झाले होते, आणि हे कर्ज समाजाने आपले मानावे असे त्यांना १९२८ च्या सुरुवातीला पत्रातूनच लिहावे लागले. १५ नोव्हेंबर १९२९ ला ते पत्र थांबले. समाज वाचत होता, टाळ्या वाजवत होता, पण रकाने भरायला आणि वर्गणी द्यायला पुढे येणारे हात कमी होते.

वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० ला, 'जनता' निघाले. संपादक देवराव नाईक. पुढे गणेश सहस्रबुद्धे, भास्करराव कद्रेकर अशा सहकाऱ्यांनी ते सांभाळले. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी सातासमुद्रापार होते, तरी पत्र चालू होते. अडचणी सोसत ते १९५६ पर्यंत टिकले आणि त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. चोवीस रकाने एकाने भरले तेव्हा पत्र अडीच वर्षे चालले. काम वाटले गेले तेव्हा ते पंचवीस वर्षे चालले. तेव्हा 'समोरचे थांबत नाहीत, तुम्ही कशा थांबता' असे मला विचारणाऱ्या भावांना माझा उलट प्रश्न आहे. समोर एक माणूस थांबला की दुसरा उभा राहतो. आपल्यात एक बाई वर्षभर थांबली तर पोकळी का पडावी?

याच पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये 'दीनबंधू' काढले. पैशाअभावी ते त्यांना चालवता आले नाही. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले आणि गिरणी कामगारांचा आवाज केले. भालेकर थांबले, पण पत्र संपले नाही, कारण उचलणारा होता.

आता तिसरी कुजबुज. 'बायकांचं हे असंच.' हे वाक्य माझ्या नवऱ्याबद्दल कोणी म्हणणार नाही, तो वर्षभर सभेला आला नाही तरी. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मांग-महारांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्या वयात विचारला. त्यानंतरचा तिचा एकही लेख आज आपल्या हाती नाही. फलटणच्या बेबीताई कांबळेंनी छोटे दुकान चालवता चालवता जे लिहिले, ते घरच्यांपासून जवळपास वीस वर्षे लपवून ठेवले. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून येऊ लागले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. आपल्या बायकांच्या लिहिण्यातले खंड असे आहेत. ते त्यांनी ठरवलेले नव्हते, त्यांच्यावर लादले गेले. म्हणूनच मी माझा खंड स्वतः ठरवते आहे, तारीख घालून, कारणे देऊन, उघडपणे. मुक्ताचे काय झाले हे आपल्याला माहीत नाही. माझे काय झाले हे पुढच्या वर्षी तुम्ही मला विचारू शकता, आणि विचारलेच पाहिजे.

आषाढ पौर्णिमा मुद्दाम निवडली. त्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली कोवळी रोपे आणि जीवजंतू तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवान बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. चारिका थांबली म्हणून धम्म थांबला नाही. उलट याच काळात आपल्या विहारांत आजही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. वर्षावास संपताना पवारणा असते. भिक्खू एकमेकांना सांगतात, माझ्यात दोष दिसला, ऐकला, शंका आली तर बोला. थांबण्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि शेवटी हिशेब असतो, ही शिस्त आपल्याच परंपरेत आहे. माझे थांबणे तीन महिन्यांऐवजी बारा महिन्यांचे आहे, एवढाच फरक.

तर या वर्षात मी काय करणार, ते सांगते. सेटचा अभ्यास. वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या पन्नास बायकांच्या कामाच्या तासांची आणि पगाराची नोंद. वर्षावासात विहारातल्या वाचनाला रोज हजेरी. दाखल्यांची मदत नेहमीसारखीच. आणि पुढच्या आषाढ पौर्णिमेला त्या नोंदी घेऊन विहारात बसेन. ज्यांना माझे काही चुकले असे वाटेल त्यांनी तिथे समोर बोलावे.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक, जो विषय दिसल्यावर 'ताई, यावर लिहा' असा निरोप तुम्ही मला पाठवला असता, त्यावर या वर्षी तुम्ही लिहा. एका पानाचे असले तरी चालेल. एकमेकांना वाचून दाखवा, पुरावे तपासा, मग बाहेर काढा. दुसरी, तुमच्या भागात जो लिहिणारा किंवा लिहिणारी गप्प झाली आहे, तिच्या घरी एकदा जा. शेरा मारायला नको. घरात आजारपण आहे का, पोटाची अडचण आहे का, नोकरीत दबाव आहे का, हे विचारा आणि त्यातले एखादे ओझे महिनाभर तरी उचला. चोवीस रकाने एकट्यावर टाकून त्याचे कौतुक करणारा समाज आपण एकदा होऊन पाहिला आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.